पट्टीखालचा उजेड

"चाचा, हे पातं वाकडं आहे. तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय की."

"मग सरळ का करत नाही?"

"सरळच हाय ते."

प्रल्हाद गावडेनं पोलादी पट्टी पुन्हा एकदा करवतीच्या पात्यावर आडवी धरली आणि दाराकडे तोंड करून डोळ्यांसमोर आणली. दोन्ही कडांना पट्टी टेकली होती. मध्यभागी मात्र पट्टी आणि पात्यामधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती.

"मग हा उजेड कुठून येतो?"

बाबालाल मिस्त्रींनी विडी विझवली, कानावर ठेवली.

"सूर्याकडनं," ते म्हणाले.

आणि उठून गेले.

आजऱ्याच्या खालच्या अंगाला, हिरण्यकेशीच्या काठावर वेलजीशेठची लाकडाची मिल होती. शेठच्या वडिलांनी उभी केलेली. एक जुनं ऑईल इंजिन, त्याच्यापासून निघालेला रुंद चामडी पट्टा, आणि छातीएवढ्या उंचीची दोन लोखंडी चाकं. एक चाक खड्ड्यात, एक डोक्यावर. दोन्ही चाकांवरून करवतीचं वीस हात लांबीचं पातं गोल गोल फिरायचं. ओंडका ट्रॉलीवर चढवायचा, चाक फिरवून ट्रॉली पुढं सारायची, पलीकडून फळी निघायची. एवढीच मिल.

पण तिचा आवाज मोठा गुंगीचा होता. फळ्या न्यायला आलेलं गिऱ्हाईक बाकावर बसलं की पेंगू लागायचं. सकाळी नदीवरचं धुकं थेट छपराखाली शिरायचं. त्यात भुसा तरंगायचा, आणि मग धुकं कुठलं नि भुसा कुठला ते कळायचं नाही. माणसं त्यातून हळूहळू चालायची. घाई केलेली त्या मिलला चालत नसे.

एका माणसाला घाई होती. तो प्रल्हाद.

कोल्हापुरात आयटीआय करून आलेला, पहिल्या नंबरानं पास झालेला. तेव्हापासून तो 'हाय' म्हणायचा बंद होऊन 'आहे' म्हणू लागला होता. चार वर्षं बाबालाल मिस्त्रींच्या हाताखाली होता. दाते घासायला शिकला, दाते एकाआड एक डावी-उजवीकडे मुरडायला शिकला, तुटलेलं पातं जोडायला शिकला. एक गोष्ट तेवढी शिकायची राहिली होती. पातं ऐरणीवर घेऊन हातोडीनं ठोकून तयार करणं. ते काम बाबालाल स्वतःच करायचे, आणि तेव्हा प्रल्हादला कुठल्यातरी भलत्याच कामाला पाठवायचे. ओंडक्यांची साल काढ म्हणायचे.

मांजरानं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढायचं तेवढं शिकवलं नाही म्हणतात. प्रल्हादला वाटे, म्हातारा तसलाच.

बाबालाल दसऱ्यानंतर काम सोडणार होते. ती हातोडी ज्याच्या हातात जाईल तो मिलचा मिस्त्री. प्रल्हादला ती हातोडी हवी होती. झोपेतसुद्धा त्याची बोटं मुठीसारखी वळायची.

आणि आता हे पातं. स्वच्छ वाकडं. मध्ये उजेड दिसतोय, आणि म्हातारा म्हणतो सरळ आहे.

प्रल्हादनं त्याचा एकच अर्थ लावला. म्हाताऱ्याची नजर गेली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बाबालाल नमाजाला जायचे, म्हणून शेठच्या वडिलांच्या वेळेपासून शुक्रवारी दुपारी मिल बंद असायची. हमाल घरी गेले. मिलमध्ये प्रल्हाद एकटा उरला.

ते पातं खुंट्यांवर टांगलेलं होतं. शनिवारी सकाळी तेच चढवायचं होतं, आणि शनिवारचं काम साधं नव्हतं. वरच्या वाडीच्या रवळनाथाच्या देवळाचं दार करायचं होतं. देवळाच्या आवारातला शंभर वर्षांचा फणस वाऱ्यानं पडला होता. गावानं त्याचा ओंडका दोन वर्षं ओढ्याच्या पाण्यात भिजत ठेवला, मग सावलीत सुकवला, आणि आता मिलवर आणला होता. दाराच्या रुंद अखंड फळ्या त्याच्यातूनच निघायच्या होत्या. असा दुसरा ओंडका पंचक्रोशीत नव्हता.

प्रल्हादला म्हाताऱ्याची कीव आली. खरंच आली, हे सांगितलं पाहिजे. उद्या गावासमोर फजिती होईल, चाळीस वर्षांचं नाव जाईल, असं त्याला वाटलं. आणि त्या किवेच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट मनात आली. उद्या पातं सुंदर चाललं की मी हळूच सांगेन, हे मी सरळ केलंय.

त्यानं पातं ऐरणीवर घेतलं. बाबालालची हातोडी घेतली. दोन्ही कडांनी, अंगुळा-अंगुळावर, हलक्या हातानं ठोकत गेला. कडा पसरल्या, मधला पोकळपणा भरत आला. वीस हात पातं. ऊन दारातून आत येऊन परत बाहेर गेलं, तेव्हा काम संपलं.

मग त्यानं पट्टी लावली. इथं लावली, तिथं लावली.

उजेड कुठंच नव्हता.

"झालं सरळ," प्रल्हाद स्वतःशीच म्हणाला. त्या दिवशी तो फार आनंदात घरी गेला.

शनिवारी वाडीची पाच-सहा माणसं पहाटेच येऊन बसली होती. त्यांच्यात दत्तू गुरव, देवळाचा पुजारी. त्यानं ओंडक्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा मशिनवरही ठेवला. बाबालाल येईपर्यंत प्रल्हादनं हमालांना घेऊन पातं चाकांवर चढवून ताणलंसुद्धा होतं.

बाबालाल आले. पात्याकडे जाऊ लागले.

"चाचा, मुहूर्त चालला," वेलजीशेठ घड्याळ दाखवत म्हणाले. "वाडीची मानसं मघापासून बसली आहे."

"पातं बघतो जरा."

"मी बघितलंय, चाचा," प्रल्हाद म्हणाला. "चांगलं आहे."

बाबालालनी त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि ट्रॉलीच्या चाकावर हात ठेवला.

इंजिन सुरू झालं. ठुक... ठुक... ठुक. पातं फिरू लागलं. फणसाचं लाकूड पहिल्यांदा कापलं जाताना जो गोड वास सुटतो तो सुटला, पिवळाधमक भुसा उडाला. गुरवानं हात जोडले. पहिला हातभर काप सुतात गेला. प्रल्हादच्या छातीत आनंद मावेना.

मग आवाज बदलला.

गुणगुण होती तिची घरघर झाली. पातं लाकडाच्या आत शिरून उजवीकडे सरकू लागलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. बैल चालता चालता मुतला की रस्त्यावर जशी रेघ उमटते तशी रेघ देवाच्या फणसात उमटत गेली.

बाबालालनी ट्रॉली मागं ओढली. हात वर केला. इंजिन थांबलं.

धुकं आत आलं होतं, ते तसंच उभं राहिलं.

बाबालाल पात्यापाशी गेले. वाकले. अंगठा पात्यावरून सावकाश खाली नेला, मग वर आणला. एका जागी अंगठा थांबला. त्यांनी मान वळवून प्रल्हादकडे पाहिलं.

"चाचा, हे काय झाला?" शेठ कसेबसे म्हणाले.

"नजर गेली माझी, शेठ." बाबालाल सरळ उभे राहिले. "पातं बघाय चुकलो."

"अरे देवा..." दत्तू गुरव मटकन खाली बसला.

प्रल्हाद तिथंच उभा होता. तेव्हाच बोलला असता तर गोष्ट तिथंच संपली असती, आणि मला सांगायला काही उरलं नसतं. पण तो बोलला नाही. एक शब्द तोंडाशी आला, शेठचा चेहरा बघून परत गेला.

बाबालालनी आपली हातोडी उचलून ऐरणीवर ठेवली. चपला घातल्या. कानावरची विडी काढून ओठात धरली, पेटवली नाही, आणि धुक्यात निघून गेले.

सोमवारी शेठनी हातोडी उचलून प्रल्हादच्या हातात दिली.

"आता तू मिस्त्री," ते म्हणाले. "म्हातारा मानूस, काय करनार... चाळीस वरस उभा राहिला, ते काय थोडा आहे?"

हवं ते असं मिळालं. मिळालं ते त्याला गोड लागेना.

कारण पातं चालेना. प्रल्हादनं पहिलं पातं काढलं, दुसरं चढवलं. त्यातही उजेड दिसत होता, तो त्यानं ठोकून ठोकून घालवला. पातं वळवळलं. तिसरं घेतलं, आणखी निगुतीनं सरळ केलं. तेही वळवळलं. जितकं सरळ करावं तितकं वाकडं कापावं, असं चाललं होतं. चाकं तपासली, पट्टा तपासला, खड्ड्यात उतरून नट आवळले. आठ दिवसांत मिलमधून धड फळी निघाली नाही. निघालेल्या फळ्या शेठनी बांधकामवाल्यांना स्लॅबखाली लावायला देऊन टाकल्या.

फणसाचा अर्धवट कापलेला ओंडका कोपऱ्यात होता. काप जिथं भरकटला तिथं पिवळं लाकूड उघडं पडलं होतं. जाता-येता प्रल्हाद तिकडे बघायचं टाळायचा.

एक दिवस दुपारी तो भुशाच्या ढिगावर टेकला आणि त्याचा डोळा लागला.

स्वप्नात मिल चालू होती. इंजिन नव्हतं, पट्टा नव्हता, पातंही नव्हतं. दोन चाकांवरून हिरण्यकेशी वाहत होती. खड्ड्यातून वर चढत होती, डोक्यावरच्या चाकावरून वळून पुन्हा खाली येत होती, आणि आवाज काहीच नव्हता. पाण्यातून ओंडके येत, दोन फळ्या होऊन पुढं जात. प्रल्हाद हातात पोलादी पट्टी घेऊन उभा होता. त्यानं ती नदीवर आडवी धरली. पट्टीखाली उजेडच उजेड. तो पाणी दाबायला गेला. हातानं दाबलं, गुडघ्यानं दाबलं. पाणी बाजूनं निघून जाई, परत मध्ये पोकळ होई. पलीकडच्या काठावर बाबालाल ओंडक्याची साल काढत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "दाब, दाब... माशास्नी गुदगुल्या व्हत्यात."

तो जागा झाला. पापण्यांवर भुसा होता, आणि डोळे ओले होते.

त्यानं मिलला कुलूप लावलं आणि तसाच बाबालालच्या घरी गेला.

बाबालाल ओसरीवर बसले होते. घराला पूर्वेकडे एकच खिडकी, तिन्हीसांजेची वेळ, ओसरीवर अंधारून आलेलं. आतून चाची म्हणाल्या, "अवो, सुईत दोरा घालून द्या तेवढा, मला काय दिसंना." बाबालालनी सुई घेतली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, आणि एका झटक्यात सुईत घातलं.

प्रल्हाद पायरीवरच थबकला.

"चाचा... तुमची नजर..."

"कुणाला सांगू नगंस." बाबालालनी सुई आत दिली. "बस."

प्रल्हाद बसला. मग म्हणाला, "पातं सरळ करतोय, चाचा. तरी वाकडंच कापतंय."

"किती सरळ करतोस?"

"उजेड शिरत नाही एवढं."

"मग त्येनं जायाचं कुठं?"

"...कुणी?"

"पात्यानं." बाबालालनी दोन तळहात समोरासमोर धरले. "चालाय लागलं की दातांची कड तापती. तापलं की लोखंड वाढतं. हे तर शिकवत असतील की तुमच्या कोल्हापुरात?"

"शिकवतात."

"वाढलेली कड ढिली पडती, आन् ढिली पडली की भटकती. म्हणून मी मधी ठोकतो. मधलं जरा पसरून ठेवलं की कड वाढंस्तवर वाट बघतं ते. मग दोनी सारखी व्हत्यात."

चार वर्षांत त्यानं शेकडो वेळा ते पातं पाहिलं होतं. थांबलेलंच पाहिलं होतं.

"म्हणजे थांबलेलं असताना ते वाकडंच असायला पाहिजे?"

"थांबलेल्याचं काय घिऊन बसलास, लेका. थांबल्यावर सरळ काय, सगळीच दिसत्यात."

"हे मला तेव्हाच का सांगितलं नाही? मी विचारलं होतं की तुम्हाला!"

"कवा इचारलंस?" बाबालाल हसले. "तू सांगत हुतास."

प्रल्हादनं मान खाली घातली. ओसरीवरचा अंधार वाढला तसं त्याला बोलणं सोपं वाटू लागलं.

"चाचा, त्या शुक्रवारी... ते पातं..."

"ठावं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझा घाव डावीकडं लवतोय. अंगठ्याला घावलं." त्यांनी अंगठा गुडघ्यावर घासला. "चार वरसं तुझं दातं तपासतोय. तुझा हात वळखू येत न्हाई व्हय मला?"

"मग शेठपुढं तसं का म्हणालात? चाळीस वर्षांचं नाव..."

बाबालाल आत चुलीकडे डोकावले.

"सांगा की ओ चाचा!"

चाची दोन कप घेऊन आल्या, ठेवून गेल्या.

"चा निवतोय," बाबालाल म्हणाले.

प्रल्हादला तो चहा गिळवेना. कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. तो रडला. बाबालालनी त्याला रडू दिलं, आपला कप सावकाश संपवला, आणि मग प्रल्हादचाही संपवला.

निघताना प्रल्हाद दारात घुटमळला. म्हातारा आता म्हणेल, जा आणि शेठला सांग. किंवा म्हणेल, राहू दे, झालं ते झालं. दोन्हींपैकी काही म्हणाला असता तरी प्रल्हाद सुटला असता.

बाबालाल म्हणाले, "पायरी बघून उतर. एक फरशी हालती."

सकाळी मिलपुढं ट्रक उभा होता. दत्तू गुरव आणि वाडीची माणसं ओंडका न्यायला आली होती. गडहिंग्लजला दुसऱ्या मिलवर नेणार होते. शेठ हात बांधून उभे होते, काय बोलणार.

"बाबालालचाचा गेलं, आता हितं काय ऱ्हायलं?" गुरव म्हणत होता. "हाय त्येवढ्यात दोन फळ्या बसत्यात का बघायचं. मोजून बघितलंय. काप सुतात गेला तर बसत्यात. जरा जरी हाल्ला तर देवाला दार न्हाई."

हमाल ओंडक्याला दोर लावू लागले. प्रल्हाद पुढं जाऊन ओंडक्यासमोर उभा राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "चाचांची नजर गेल्याली न्हाई."

आयटीआयनंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून गावची भाषा निघाली, आणि त्याला ते कळलंही नाही.

"पातं मी बिघडवलं. शुक्रवारी चाचा नमाजाला गेल्यावर. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत न्हाई, मला दिसतंय. पातं बरोबर हुतं. मी ठोकून ठोकून घालवलं त्येला. आन् चाचांनी माझी चूक अंगावर घेतली तवा मी गप उभा ऱ्हायलो... हातोडी पायजे हुती मला."

मिलमध्ये नदी ऐकू येऊ लागली.

दत्तू गुरव तरातरा पुढं आला. त्यानं प्रल्हादची कॉलर धरली, हात उगारला. प्रल्हादनं चेहरा बाजूला केला नाही. गुरवाचा हात हवेत थांबला आणि खाली आला.

"देवाचं लाकूड हुतं रं ते," तो म्हणाला.

"तू जा," शेठ प्रल्हादला म्हणाले. ते कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत. "हातोडी ठेव आनि जा. आत्ता जा."

मग शेठनी स्वतः जीप काढली आणि बाबालालना आणायला गेले.

बाबालाल आले तेव्हा प्रल्हाद फाटकापाशी होता. खांद्यावर पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा आणि दाते घासायची स्वतःची कानस. बाबालाल जीपमधून उतरले, त्याच्या शेजारून गेले, आणि थांबले.

"ह्यो कुठं निगाला?"

"काढला त्याला," शेठ म्हणाले. "चाचा, मला माफ करा. मी तुमाला एक शब्द इचारला नाही. चाळीस वरस... आनि एक शब्द इचारला नाही." त्यांनी हातोडी दोन्ही हातांनी पुढं केली. "आता दसरा नाही नि काय नाही. जवर हात चालतो तवर तुमीच."

वाडीची माणसं मान हलवत होती. गुरवानं ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

बाबालालनी हातोडी घेतली नाही. ते आत गेले, गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. कपाळावरचा घाम रुमालानं पुसला. आठ दिवसांत ते बरेच उतरल्यासारखे वाटत होते.

"पल्लाद," त्यांनी हाक मारली. "पातं काढ खाली."

हमालांनी शेठकडे पाहिलं.

"चाचा, त्यो?" गुरव म्हणाला. "पुन्यांदा त्यो?"

"पल्लाद," बाबालाल परत म्हणाले. "आयकू येतंय न्हवं?"

प्रल्हाद फाटकातून आत आला. पिशवी भिंतीला टेकवली. शेठकडे पाहिलं. शेठनी बाबालालकडे पाहिलं, आणि शेवटी हातोडी ऐरणीवर ठेवून बाजूला झाले.

तो ठोकू लागला. या वेळी मध्ये. कडेपासून दोन बोटं आत सोडून, घाव शेजारी घाव. हात डावीकडे लवतोय हे आता त्याला समजत होतं, तो सावरून घेत होता. हातभर झालं की पट्टी लावायचा, दाराकडे धरायचा, परत ठोकायचा. धुकं कधी वितळलं कुणाच्या ध्यानात आलं नाही. छपराच्या भोकातून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या, त्यांच्यात भुशाचे कण वर-खाली जाऊ लागले. ठण... ठण... ठण. इंजिन बंद असूनही बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांच्या माना त्या ठेक्यावर कलू लागल्या. गुरव मात्र टक्क जागा होता. त्याची नजर ओंडक्यावरून हलत नव्हती.

वीस हात पुरे झाले.

प्रल्हादनं शेवटची पट्टी लावली. पट्टीखाली उजेडाची रेघ होती. पण रेघ किती असावी? केसाएवढी? नखाएवढी? जरा कमी राहिली तर पातं भटकणार. जरा जास्त झाली तरी भटकणार. त्यानं डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. रेघ कधी पुरेशी वाटे, कधी फार वाटे.

त्यानं पट्टी तशीच पात्यावर धरली, आणि बाकाकडे वळून गुडघ्यांवर बसला.

"चाचा, एवढा उजेड बास हाय का?"

सगळे पुढं सरकले. शेठ, गुरव, वाडीची माणसं.

बाबालालनी त्याच्याकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं नाही.

"मला काय इचारतोस? नजर गेलीया माझी."

"अवो चाचा!" दत्तू गुरव न राहवून ओरडला. "आत्ताच तर ह्येनं समद्यांम्होरं कबूल केलं की! तुमची नजर शाबूत हाय म्हणून!"

बाबालालनी बाकाला पाठ टेकली, आणि डोळे मिटून घेतले.

"तवा गेली न्हवती, गुरव," ते म्हणाले. "आत्ता गेली."